अक्काचा पैरा

या, असं जवळ सरका. मागच्यांनी पुढं या, भिंतीला टेकलेल्यांनी जरा ताठ बसा. आपल्याकडं टाळ नाहीत की मृदंग नाही, नुसता गळा आहे. पण बुवा निरूपण आवरून आख्यानाला हात घालतात तेव्हा जसे तुमचे कान उभे राहतात, तसे आता राहू द्यात. गोष्ट राजाराणीची नाही. एका स्टीलच्या डब्याची आहे, दोन बायकांची आहे, आणि कुणाच्या घरात काय शिजतं, काय विकत येतं, हे विचारत दिल्लीच्या वतीनं दारात आलेल्या एका पोरीची आहे. ऐकून झालं की तुम्ही आपापल्या घरची फळी एकदा निरखून बघाल, एवढं आत्ताच सांगून ठेवायला हरकत नाही.

गारगोटीच्या पुढं वेदगंगेच्या काठाला एक गाव. गावात अक्काचं घर, आणि भिंतीला भिंत लावून सलिमाचं. अक्काचा नवरा देवाघरी गेलेला, लेक विश्वजित साखर कारखान्यात नोकरीला, सून अनुजा घरात. दारात एक म्हैस. पलीकडं सलिमा आणि तिचा नवरा गैबी. गैबी मोटरसायकलीच्या मागं पत्र्याची पेटी बांधून खारी, बटर, टोस्ट विकत वाड्यावस्त्या फिरायचा. दोन्ही घरांना भाताची तुकडा तुकडा जमीन, तीही बांधाला बांध लागून.

या दोन घरांत एक डबा फिरत होता. झाकणाचा, गारगोटीच्या बाजारात घेतलेला, बुडाला ‘सौ. सलिमा’ असं नाव टोचून घातलेला. सलिमाकडं शिरखुर्मा झाला की डबा भरून इकडं. अक्काकडं कटाची आमटी झाली की तोच डबा भरून तिकडं. रिकामा कधी परत जायचा नाही, ही रीत. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालून जायचा. त्यामुळं भिंतीपलीकडं काय शिजतंय हे अक्काला कधी विचारावं लागलं नाही. जिभेलाच कळायचं.

आणि दोघींचा पैरा होता. पैरा म्हणजे आज तू माझ्या रानात वाकायचं, उद्या मी तुझ्या रानात वाकणार. त्यात पैसा नाही, उपकार नाही. अक्का म्हणायची, "पैशानं बाई येती, पैऱ्यानं माणूस येतंय."

तर आषाढात रोपलावण लागली. चिखल पोटरीपर्यंत, पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधलेला, वरून झड. अक्काच्या रानात सलिमा तीन दिवस होती. दोघी शेजारी शेजारी वाकायच्या, मागं मागं सरकत रोपं टोचायच्या, आणि तोंडानं अक्का अभंग धरायची. सलिमाला चाल पाठ होती. शब्द अडले की ती नुसतं "हूं हूं" करून सूर सांभाळायची. तीन दिवसांत अक्काचं रान हिरवं झालं. आता सलिमाच्या वाफ्याची पाळी.

त्या सकाळी अक्काचा गुडघा नारळाएवढा सुजला.

"आई, तू चिखलात उतरायचं न्हाईस," विश्वजित बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"आरं, पैरा हाय. तीन दिस वाकलीया ती."

"मी बगतो की. तू गोळी घे आन् पड."

लेकाच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट आपण कुणाचं फुकट घेत नाही याचा त्याला अभिमान. कारखान्याच्या बसची वाट बघत पारावर उभा असताना त्यानं फोन काढला आणि तीन दिवसांचा रोज गैबीच्या खात्यावर टाकून दिला. खाली दोन शब्दही लिहिले, चाचीची मजुरी. बस आली, तो गेला.

आता गैबीच्या पेटीवर एक बोलकं यंत्र होतं. गिऱ्हाइकानं फोनवरून पैसे दिले की ते ओरडून सांगायचं. त्या घटकेला गैबी पाराजवळच खारी तोलत होता, भोवती पाच-सहा माणसं. यंत्र ओरडलं. आकडा मोठा निघाला.

"आयला गैबी, पेटीसकट गाडी इकलीस काय?" आण्णा म्हणाले. आण्णांचं काम पारावर बसणं, आणि ते ती नोकरी कधी चुकवत नसत.

गैबीनं फोन बघितला. "विश्वजितनं पाठवल्यात. मजुरी म्हणतोय."

"व्हय व्हय. सलिमा हुती न्हवं त्येंच्यात लावणीला? बरं झालं लका. आता रोजानं जाती तर आमच्यात बी धाड की. आमालाबी बाया मिळनात."

 पेटीवरचं फडकं गैबीनं यंत्रावर टाकलं आणि पैसे आल्या वाटेनं परत पाठवले. तिकडं विश्वजितला वाटलं, चाचा लाजायला लागलेत. त्यानं थोडे वाढवून पुन्हा पाठवले. फडक्याच्या आतून यंत्र पुन्हा ओरडलं, या खेपेला जरा घोगरं.

अक्काला हे सुनेच्या तोंडून कळलं. ती तशीच, गुडघा धरत, नळावर गेली. सलिमा कळशी लावून उभी होती.

"सलिमा, आगं, त्या पोरानं..."

"रोज पोचला, अक्का. दोनदा पोचला." सलिमा कळशीकडं बघत होती. "तुमचं आमचं मिटलं."

तुमचं. इतक्या वर्षांत सलिमानं अक्काला ‘तू’शिवाय हाक मारली नव्हती. अक्काच्या ओठावर आलं होतं की चुकलं गं माझ्या लेकाचं. पण नळावर आणखी चार बायका हंडे धरून उभ्या, त्यांचे डोळे एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर. अक्काची मान ताठ झाली.

"मिटलं तर मिटलं," ती म्हणाली आणि लंगडत माघारी आली.

घरात आली तर फळीवर सलिमाचा डबा. आठ दिवसांपूर्वी त्यातून शेवयांची खीर आली होती. धुऊन पालथा घातलेला. आता रिकामा देता येईना, आणि भरून कुठल्या तोंडानं द्यायचा?

सलिमानं आपला वाफा एकटीनं लावला. अक्का मागच्या दारातून बघायची. पलीकडच्या रानात एकच पाठ वाकलेली दिसायची, आणि गाणं नाही.

श्रावणात अक्काला नवाच आजार जडला. ती भिंतीपाशी उभी राहून हुंगायची. लसणीची फोडणी कळे, पण ती कशावर पडली ते कळेना. चुर्र वाजे आणि पुढचं सगळं गडप. काय करत असेल? मटण आणलं असेल का? नागपंचमीला इकडून पुरण जायचं, यंदा गेलं नाही तर तिनं काय केलं असेल? कीर्तनाला बसली तरी अक्काचं ध्यान बुवांच्या चरणापाशी निम्मं आणि सलिमाच्या चुलीपाशी निम्मं. ‘पांडुरंगा, एवढी खोड लावू नगंस,’ असं ती म्हणायची आणि पुन्हा भिंतीशी जायची.

अशात एका सकाळी दारात छत्री मिटवत एक पोरगी उभी राहिली. खांद्याला पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पाटीसारखी चपटी वस्तू.

"मी अवंतिका. कोल्हापूरहून आले. घरोघरच्या खर्चाची पाहणी आहे, केंद्र सरकारची. गावातली काही घरं निवडून आली आहेत, त्यात तुमचं आहे."

"रेशन काढून घ्याला आलीस व्हय?" अनुजानं आतूनच विचारलं.

"नाही हो वहिनी. रेशनचा, कराचा, कशाचाच संबंध नाही."

"बस, पोरी," अक्का म्हणाली. "पाय पूस आदी. आन् दिल्लीला आमच्या घरात काय बगायचं हाय?"

अवंतिका हसली. शिक्षकाची मुलगी, शब्द नीट मांडायची सवय. "तुमचंच असं नाही. देशभरातली अशी हजारो घरं. लोक खाण्यावर किती घालतात, कपड्यांवर किती, गाडीवर किती, आधी किती घालायचे आणि आता किती. सगळं एकत्र करून बघतात. मी तीन वेळा येणार. आज घरातल्या टिकाऊ वस्तू. पुढच्या महिन्यात साबण, रिचार्ज, पेट्रोल असलं. आणि शेवटी खाणंपिणं."

"आन् आमच्या शेजारी?"

"त्यांचंही घर आहे."

अक्काचे डोळे चमकले. तिनं लगेच चहा टाकायला सांगितलं.

मग प्रश्न सुरू झाले. मिक्सर, पंखा, टीव्ही, विश्वजितची गाडी, फ्रिज. अनुजा सांगत होती आणि अक्का मोठ्या कुतूहलानं ऐकत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या घराची यादी वाचली जातेय. एवढं सगळं आपल्या घरात कधी शिरलं? ती या घरात आली तेव्हा एक जातं होतं, दोन हंडे होते आणि देव होते.

"भांडी?" अवंतिकानं फळीकडं बघितलं. "हा डबा छान आहे. यावर नाव आहे काहीतरी."

"त्यो आमचा न्हवं," अक्का म्हणाली.

"मग घेत नाही," म्हणून अवंतिका पुढं गेली.

जाताना अक्का तिला दारापर्यंत सोडायला आली. आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी, त्येंच्यात गेलीस की बग जरा. चुलीवर काय हाय त्ये."

"अक्का, एका घरचं दुसऱ्या घरी सांगता येत नाही. कायदा आहे तसा."

"मी कुटं कुणाला सांगायलोय?"

"मलाच सांगता येत नाही."

"चांगला हाय कायदा," अक्का म्हणाली. पण पोर सलिमाच्या घरातून बाहेर पडेपर्यंत ती दारातच तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले. पोर बाहेर आली, हात हलवून गेली. तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

भादव्यात ती पुन्हा आली. गौरी-गणपती होऊन गेले होते, रानात भात पोटरीला येऊन कणीस धरू लागलं होतं. या खेपेला साबण, शाम्पूच्या पुड्या, मोबाईलचं रिचार्ज, पेट्रोल, बसभाडं, गोळ्या-औषधं. अनुजा बोटांवर मोजत सांगत होती आणि मध्येच स्वतःच दचकत होती.

"आवं, एवढं पेट्रोल? आन् फोन तीन हायत व्हय आपल्यात?"

"सगळीकडं असंच येतंय, वहिनी," अवंतिका म्हणाली. "धान्यावरचा वाटा कमी होत चाललाय आणि गाडी, फोन, पाकिटातलं खाणं यांचा वाढतोय. घरात दळण कमी आणि पुडे जास्त."

"आन् माणसं?" अक्कानं विचारलं.

"म्हणजे?"

"माणसावरचा वाटा म्हणतो मी. त्यो वाढतोय का कमी हुतोय?"

अवंतिकानं टॅबकडं बघितलं, मग अक्काकडं. "तसा प्रश्न नाही यात."

"बरं बरं. पुढच्या महिन्यात खाण्याचं विचारणार न्हवं? काय विचारणार, आदीच सांग की. तयारी करून ठेवतो."

"तयारी कसली? तांदूळ किती लागला, तेल किती..."

"आन्?"

"आणि ते कुठून आलं. विकत आणलं, की घरचंच, की कुणी भेट दिलं. दुसऱ्याच्या घरून आलेलं जेवणसुद्धा धरतात."

 गेल्या वर्षी कुणी विचारलं असतं तर अक्काला मोजायला बोटं पुरली नसती. शिरखुर्मा, शेवयांची खीर, सांडग्यांची आमटी, गैबीची पेटी फिरून आल्यावर तळाला उरलेला खारीचा चुरा, तो चहात कालवून खायचा. यंदा पोर विचारेल आणि आपण म्हणू, काही नाही. अक्काला ते शब्द आत्ताच तोंडात कडू लागले.

"आणखी एक आहे," अवंतिका टॅबवर बोट फिरवत म्हणाली. "अदलाबदलीतून. वस्तूच्या किंवा कामाच्या बदल्यात मिळालेलं. पण तो पर्याय मी आजवर एकदाही दाबला नाही. कुणी सांगतच नाही."

"परत सांग."

"अदलाबदल. तुम्ही कुणाचं काम करायचं, त्यांनी तुमचं. पैसे नाहीत."

अक्का उठून उभी राहिली. "आगं, ह्यो तर पैरा! दिल्लीला पैरा ठावं हाय?"

"असेल की. कुणीतरी विचार करूनच घातला असणार."

"दिल्लीला ठावं हाय," अक्का सुनेकडं वळली, "आन् माझ्या लेकाला ठावं न्हाय! पारावर उभा राहून पैसं फेकून आला. बग गं, अनुजा. ह्या पाटीत जागा हाय, आन् आपल्या घरात न्हाय."

अनुजा खाली बघून रिचार्जचा कागद घडी घालत बसली. त्या दिवशी नवरा कामावरून आल्यावर तिनं त्याला काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही, पण विश्वजितनं जेवताना दुसरी भाकरी मागितली नाही. 

अश्विन लागला. भात पिवळं पडलं, कणसं वाकली, आणि नेमकं आभाळ पुन्हा भरून यायला लागलं. अशात अक्काची म्हैस व्याली. रेडी झाली. पहिल्या धारेचा चीक, दाट, केशरासारखा पिवळा.

"आई," विश्वजित गोठ्याच्या दारातून म्हणाला, "गारगोटीत मिठाईवाला मागतोय चीक. चांगला भाव देतोय."

अक्का म्हशीच्या अंगाला अंग लावून बसली होती. ती वळलीच नाही. "चीक इकत न्हाईत. चीक वाटत्यात."

"आता सगळी इकत्यात, आई."

"सगळ्यांच्या म्हशी हायत. ही माझी हाय."

तिनं चिकात दूध घातलं, गूळ किसला, वेलदोडा कुटला आणि खरवस वाफेला लावला. घरभर वास सुटला. तेवढ्यात भिंतीपलीकडून खर्र खर्र आवाज आला. कानशीचा. सलिमा विळ्याला धार लावत होती. म्हणजे उद्या कापणी. आणि तीही एकटीनं, कारण माणसं मिळत नव्हती, ज्याच्या त्याच्या रानात ज्याची त्याची घाई.

अक्का उठली. आपला विळा वळचणीतून काढला, पायरीच्या दगडावर पाणी ओतलं आणि तीही घासायला बसली. इकडून खर्र, तिकडून खर्र. मध्येच पलीकडचा आवाज थांबला. अक्काही थांबली. मग दोन्हीकडून पुन्हा सुरू झालं.

सकाळी दव होतं. सलिमा रानात पोचली तेव्हा तिच्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला अक्का आधीच वाकलेली. गुडघ्याला पंचा आवळून बांधलेला, पदर कमरेला. बांधावर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

सलिमा उभी राहिली.  आपल्या टोकाला जाऊन तिनं पहिली मूठ धरली.

दोघी दोन टोकांनी कापत होत्या. मूठ धरायची, विळा ओढायचा, मूठ मागं ठेवायची. भाताच्या पात्यांनी अक्काच्या मनगटावर बारीक लाल रेघा उमटल्या. गुडघा आधी दुखला, मग बधिर झाला, मग आग ओकायला लागला. कपाळावर कुंकू नव्हतं, घामात नुसतं गोंदण चमकत होतं. तिला अभंग धरावासा वाटत होता, पण एकटीनं कसा धरायचा? मधलं भात कमी कमी होत चाललं, दोघींमधलं अंतर कमी होत चाललं, तरी शब्द नाही.

रान रस्त्याच्या कडेला. आण्णा दूध घालून सायकल हातात धरून चालले होते. ते थांबले.

"कोण, अक्का? आवं, तुमी हितं कशा? लेकाची नोकरी गेली काय? रोजानं लागला व्हय?"

रस्त्यावरून आणखी दोन-तीन माणसं जात होती, डेअरीच्या किटल्या घेऊन. तीही रेंगाळली. अक्का कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली. आषाढात पाराजवळ सलिमाच्या नावानं जे झालं, ते आपल्या अंगावर असं येतं तर. कान तापतात.   मग कीर्तनात मागच्या ओळीपर्यंत पोचायला लावावा तसा आवाज तिनं लावला.

"पैऱ्यानं, आण्णा! पैऱ्यानं! आषाढात सलिमानं तीन दिस माझं रान लावलं. त्येचा पैरा फेडायलोय. माझ्या पोरानं पैसं पाठवलं ती त्येची चूक. सांगा जावा पारावर. त्या गैबीच्या यंत्रापरास मोठ्यानं सांगा!"

आण्णांनी टोपी सारखी केली. "आवं, मी आपलं सहज इचारलं."

"मग सहजच सांगा!"

किटल्यांचा खुळखुळाट पुढं सरकला. अक्का पुन्हा वाकली. वाकताना गुडघ्यातून कळ आली आणि ती भातातच बसली.

पलीकडून विळ्याचा आवाज थांबला होता.

"गुडघा मोडून घ्याला आलीस व्हय हितं?" सलिमाचा आवाज. "सांगायचं हुतंस न्हवं. बसून पेंढ्या तरी बांधली असतीस. वरडालीया केवढं! पाखरं उडाली सगळी."

अक्कानं बाकीचं काही ऐकलंच नाही. आलीस. बांधली असतीस. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती विळ्याच्या मुठीनं पुसायला लागली.

"विळा डोळ्यात घालशील, म्हातारे," सलिमा जवळ येऊन म्हणाली, आणि अक्काच्याच पदरानं तिचं तोंड पुसलं.

तोवर रस्त्यावर गाडी थांबली. विश्वजित. आई घरात नाही, विळा नाही, म्हणून शोधत आलेला. हेल्मेट काढून तो बांधावर उभा राहिला. आण्णांना दिलेलं उत्तर त्याला वाटेतच कुणीतरी सांगितलं असणार, कारण त्याचा चेहरा उतरला होता.

"आई, लोक बगायल्यात."

"बगू देत की. बगायलाच तर आलोय."

"चाची," तो चाचरत म्हणाला, "मला वाटलं... मी चांगल्या मनानंच..."

सलिमानं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. "येतोस तर बूट काढून ये. आन् त्यो फोन बांधावर ठेव. त्येच्यानं कापणी हुत न्हाय."

विश्वजितनं बूट काढले, विजार वर दुमडली आणि आईच्या हातातला विळा घेतला. लहानपणानंतर प्रथमच. पहिल्या चार मुठी त्याच्या हातातून निसटल्या. सलिमा म्हणाली, "मूठ उलटी धर रे, कारकून," आणि तिघंही हसली.

उन्हं चढल्यावर बांधावर भाकरी सुटली. अक्कानं फडकं सोडलं. आतून डबा निघाला.

सलिमानं तो हातात घेतला. बुड उलटं करून आपलं नाव बघितलं, जणू ते अजून आहे की नाही याची खात्री करून घ्यायची होती. मग झाकण उघडलं. पिवळाधमक, थरथरणारा खरवस.

"म्हस व्याली? कवा?"

"काल."

"तरीच. मी म्हटलं, पितळी पातेल्याचा आवाज कशाला येतोय."

"म्हंजे तू कान लावून हुतीस?"

"मग! तुमच्यात दळण कमी झालंय, पुडं फाडल्याचा आवाज लई येतोय. चर्र, चर्र. भित्तीला कान लावून मोजत बसायचो मी."

"आन् मी तुझी फोडणी हुंगत हुतो," अक्का म्हणाली. "श्रावणापासनं जीव अर्धा झाला माझा. सांग बाई एकदाचं. काय शिजवत हुतीस एवढं?"

सलिमानं खरवसाचा तुकडा मोडला. अर्धा विश्वजितच्या हातावर ठेवला.

"मसूर."

"रोज?"

"रोज मसूर. डबा तुझ्यात पडलेला. कुणाला धाडायचं न्हवतं. मग चांगलंचुंगलं कशाला करायचं, आं?"

 अक्कानं सलिमाच्या हातातला तुकडा धरून तिच्याच तोंडात घातला.

दिवाळीच्या तोंडावर अवंतिका तिसऱ्यांदा आली. भात घरात येऊन पडलं होतं, ओसरीत सगळीकडं नव्या तांदळाचा वास. पोरीनं टॅब उघडला, अक्का समोर मांडी घालून बसली, गुडघ्याखाली उशी.

"तांदूळ किती संपला महिन्यात?"

"संपला म्हणू नये, बाळ. वाढला म्हणावं."

"आमची आजीपण म्हणायची," अवंतिका म्हणाली आणि तसंच विचारलं. तांदूळ घरचा. दूध घरचं. तेल विकत, साखर विकत, बिस्किटांचे पुडे विकत. खरवस?

"त्यो वाटला. मिठाईवाला ह्या खेपंला तसाच गेला."

"आणि दुसऱ्यांकडून आलेलं? या महिन्यात?"

अक्कानं पदर सारखा केला आणि सुरुवात केली. मसुराची आमटी, पण चांगली खोबऱ्याची. तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं. खारीचा चुरा. परवा नुसतंच चिमूटभर मीठ आलं, कारण सलिमाला घाई होती आणि डबा रिकामा धाडायचा नव्हता. अवंतिकाचं बोट टॅबवर फिरत होतं आणि एका ठिकाणी येऊन थांबलं.

"हे भेट म्हणून घालू का, अक्का?"

अक्कानं थोडा विचार केला. भेट म्हणावं तर भेट देणाऱ्याकडून येते आणि तिथंच संपते. हे तर जातंही आणि येतंही. कुणाचं आधी होतं आणि कुणाचं नंतर, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

"भेट न्हवं. ते दुसरं दाब. त्वां कधी दाबलं न्हाईस ते."

अवंतिकानं दाबलं. पाटीनं काही आवाज केला नाही, ओरडली नाही, नुसती पुढच्या प्रश्नाला गेली. पोरीनं मात्र क्षणभर मान वर करून अक्काकडं बघितलं.

जायला निघाली तेव्हा अक्कानं तिच्या पिशवीत नव्या तांदळाची पुरचुंडी सरकवली. अवंतिका नको नको म्हणत होती, असं घेता येत नाही म्हणत होती. "शेजारी जाणार न्हवं आता?" अक्का म्हणाली. "मग त्येंच्यात ठेव ही. आन् त्येंच्यात काय शिजतंय त्ये मला सांगू नगंस. मला ठावं हाय."

मंडळी, अशा हजारो घरांची बेरीज होईल. कधीतरी छापून येईल की देशातली घरं धान्यावर कमी आणि पेट्रोलवर जास्त खर्च करायला लागली. ते खरंच असेल, आपण मान डोलवू. त्या आकड्यांत एक कण भुदरगड तालुक्यातल्या या दोन चुलींचाही असेल, पण त्यात सलिमा कुणाला दिसणार नाही. म्हणून जाता जाता एकच मागणं आहे. बाजारात कुठं ते यंत्र आकडा ओरडलं, की श्रावणापासून अश्विनापर्यंत रोज मसूर शिजवून भिंतीला कान लावून बसलेल्या त्या सलिमाची एकवार आठवण काढा.